मन सगळ्यात शेवटी येतं

पावली, म्हणजे टाळ वाजवत ओळीनं खेळायचा वारकऱ्यांचा नाच, शिकवताना आमच्याकडे कुणी पाय शिकवत नाही. आधी हातात टाळ देतात. माझ्या आजोबांनी तर टाळ वाजवायच्या आधी दोरी हातात दिली होती, ती बोटाला कशी गुंडाळायची, किती ढिली ठेवायची, म्हणजे दोन्ही वाट्या एकमेकींवर नीट बसतात आणि आवाज दबत नाही. मग टाळ. मग भजनी ठेका, आठ मात्रांचा, तो नुसता ऐकायचा आणि त्याच्यावर हात पडू द्यायचा, मोजायचं नाही. पायाचं नाव पण नाही. मी विचारलं होतं, नाना, पाय कसे टाकायचे? तर म्हणाले, ते येतील त्यांचे ते. आणि खरंच, एका संध्याकाळी हरिपाठ चालू होता, मी खांबाला टेकून टाळ वाजवत होते आणि कधीतरी लक्षात आलं की खांब मागं राहिलाय, मी ओळीत आहे आणि शेजारच्या मावशींबरोबर पुढं मागं होतेय. कधी सुरू झालं ते कळलंच नव्हतं.

आजोळ माझं फलटणच्या बाजूचं. ज्ञानोबांची पालखी त्याच भागातून जाते, त्यामुळे आम्ही वारीला जायच्या आधी वारीच आमच्याकडे यायची. पण पावलीसाठी आषाढाची वाट बघायला लागायची नाही. विठोबाच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ असायचाच आणि सप्ताहात तर मांडव भरून जायचा. हरिपाठ म्हणजे ज्ञानोबांचे 27 अभंग, गावातल्या अर्ध्या लोकांना तोंडपाठ, ज्यांना लिहिता वाचता येत नव्हतं त्यांनाही. सुरवातीचे अभंग जागेवर उभं राहूनच, टाळ छातीशी. मग चाल बदलते, मृदुंगवाला डाव्या बाजूची, कणीक लावलेली, धूम जरा मोकळी सोडतो आणि समोरासमोर उभ्या असलेल्या दोन ओळी हलायला लागतात. उजवा पाय पुढं, डावा त्याच्या शेजारी, कमरेत वाकून टाळ खाली गुडघ्यापाशी, मग मागं येता येता टाळ डोक्यावर. समोरची ओळ पुढं येते तेव्हा आपण मागं, आपण पुढं तेव्हा ती मागं. मधेच एखादी उडी, एखादी गिरकी. गावागावाची पावली थोडी वेगळी असते, दिंडीदिंडीची पण असते, काही ठिकाणी जास्त वाकतात, काही ठिकाणी एका पायावर झुलतात, आणि जाणकार माणूस लांबून पाय बघून सांगतो की ही अमक्या बाजूची मंडळी.

त्या ओळीत कोण असायचं ते सांगायला पाहिजे. दिवसभर उसाला पाणी धरून आलेला माणूस, पिठाच्या गिरणीतला, एसटीतून रिटायर झालेले एक काका, दोन शाळकरी पोरं, आणि एक आजोबा ज्यांचा गुडघा वाकायचाच नाही, ते सगळ्यांबरोबर वाकल्यासारखं करायचे आणि टाळ मात्र बरोबर ठेक्यात. कुणी आनंदात असायचं, कुणाच्या घरात नुकतंच काहीतरी वाईट झालेलं असायचं, दोघं भाऊ बांधावरनं बोलणं बंद केलेले आणि ओळीत समोरासमोर. म्हणजे भक्तीनं भारलेली वगैरे अशी ही मंडळी संध्याकाळी सहा वाजता तरी नसायची. दमलेली असायची. वैतागलेली असायची. टाळ घ्यायची आणि उभी राहायची.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की यांच्या मनात भक्ती दाटून आली म्हणून ही माणसं नाचतायत. मला ओळीत उभं राहून राहून उलटंच वाटायला लागलंय. आधी हात लागतो, मग पाय लागतात, मग तोंडातनं नाम आपोआप यायला लागतं, आणि मन सगळ्यात शेवटी येतं. कधी कधी येत पण नाही. पण त्या दिवशी मन आलं नाही म्हणून पावली फुकट गेली असं कुणी म्हणत नाही, उद्या परत हरिपाठ असतोच. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपण एरवी सगळं मनावर सोडलेलं असतं, मूड असेल तर करू, आतून आलं तर करू. इथं आतून यायची वाट कुणी बघत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा की हाताला किती दाब देतेस, तिला सांगता येणार नाही, हाताला माहिती असतं. पावलीतली भक्ती मला तशी वाटते, अंगाला आधी कळलेली.

आणि हे मी माझ्या डोक्यातनं काढलेलं नाही, संतांनी क्रमच तसा लावून ठेवलाय असं मला वाचताना दिसत गेलं. नामदेव म्हणतात की कीर्तनाच्या रंगात नाचू आणि जगात ज्ञानाचा दिवा लावू. नाच आधी, दिवा नंतर. तुकोबांचा चंद्रभागेच्या वाळवंटातल्या खेळाचा अभंग घ्या, त्यात वैष्णव नाचतायत, नाचता नाचता राग आणि अभिमान पायाखाली गेलाय, आणि मग ते एकमेकांच्या पाया पडतायत. अभिमान टाकून मग नाचायला या असं तुकोबा म्हणत नाहीत. अभिमानासकट आलात तरी चालेल, नाचा, तो तुडवला जाईल. मला हा अभंग पाठ होता लहानपणापासून, पण यातला क्रम कळायला स्वतःचे पाय दुखावे लागले.

एकमेकांच्या पाया पडणं ही गोष्ट वारीत इतकी सारखी होते की नवीन माणूस गोंधळतो. पावली संपली की शेजारी उभा असलेला वाकून तुमच्या पायाला हात लावतो, तो तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असू शकतो, तुम्ही पटकन पाय मागं घेता, तर तो हसतो आणि म्हणतो माऊली. मग तुम्ही पण वाकता. इथं लहान मोठा बघायचं नसतं, समोरच्यात पांडुरंग आहे असं धरून वाकायचं. आमचे नाना गावात जरा ताठ होते, सरपंचालाही स्वतःहून राम राम घालायचे नाहीत, पण हरिपाठ संपला की ओळीतल्या पोरांच्याही पाया पडायचे. आजी म्हणायची, देवळातले नाना घरी आले असते तर बरं झालं असतं.

कीर्तनातली गोष्ट थोडी वेगळी. वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढं, वीणेकरी, मृदुंग आणि मागं टाळकऱ्यांची रांग. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याचं निरूपण करत जातो, मधे मधे चरण टाकतो, तो टाळकरी उचलतात आणि त्या दोन चार मिनिटांत मागची अख्खी रांग हलते. मग परत स्थिर, परत ऐकायचं. बैठक मारून ऐकणाऱ्याला निरूपण लक्षात राहतं, टाळकऱ्याला मात्र ते पायातनं कळतं असं मला वाटतं, कारण जे आत्ता ऐकलं त्याच्यावर लगेच पाऊल टाकायचं असतं. आणि शेवटी ते येतंच, 'ज्ञानेश्वर माऊली ज्ञानराज माऊली तुकाराम'. आधी सावकाश. मग मृदुंग लय चढवत नेतो, टाळ डोक्यावर, उड्या, आणि तेवढेच शब्द परत परत परत. ज्ञानोबांनी समाधी घेतली 1296 ला, तुकोबा गेले 1650 ला, मधे साडेतीनशे वर्षं आहेत, आणि त्या ठेक्यात दोघं एका श्वासात येतात. मी ते म्हणताना कितीदा तरी हा विचार केलाय आणि दरवेळी अंगावर काटा येतो.

आता रस्त्यावरची पावली. पालखी सोहळ्याबद्दल लोकांना एक चुकीची कल्पना असते की लाखो माणसं नुसती लोंढ्यासारखी चाललीयेत. तसं नाहीये. प्रत्येक दिंडीची रचना असते, पुढं पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदुंग, मग वीणेकरी आणि मागं डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. दिंड्यांना नंबर असतात. ज्ञानोबांच्या रथाच्या पुढं 27 दिंड्या मानाच्या, बाकीच्या सगळ्या रथामागं, आणि हा क्रम मोडत नाही. पालखीची ही रीतच जुनी, तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत घालून नेल्या असं सांगतात, पुढं हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली, शितोळे सरकारांचे घोडे तेव्हापासून येतात. हैबतबाबा शिंद्यांच्या सरदारीत होते म्हणून त्या शिस्तीत लष्कराचा वास येतो असं म्हणतात, आणि मला ते पटतं. कारण असा नाच शिस्तीशिवाय उभाच राहत नाही. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, रोज चालायचं, रोज म्हणायचं, आणि त्यात रोज नाचायचं, हे नुसत्या उत्साहावर दोन दिवस चालेल, पुढं नाही.

चालून दमलेली माणसं विसाव्याला थांबल्यावर झोपत का नाहीत, नाचतात कशी, हा प्रश्न मला सगळे विचारतात. सासवडच्या अलीकडे दिवे घाट चढून आलेली माणसं, पावसात भिजलेली नाहीतर उन्हात करपलेली, वर आल्यावर पावली खेळतात. याचं उत्तर मी डॉक्टर नाही त्यामुळे शास्त्रात देऊ शकत नाही, अंगाला जे कळतं ते सांगते. चालताना पाय एकाच दिशेला, एकाच तऱ्हेनं पडत राहतात, पोटऱ्या आखडतात, आणि पावलीत पाय मागं जातात, बाजूला जातात, कंबर वाकते, हात वर जातात. सगळं अंग मोकळं होतं. चालताना आपण आपल्याच दुखण्याबरोबर असतो, माझा अंगठा, माझी टाच. ओळीत आलं की दुखणं असतंच पण त्याच्याकडे बघायला वेळ नसतो, शेजारचा उडी मारणार आहे आणि तुम्हालाही मारायचीय.

रिंगण आता सगळ्यांनी ड्रोनमधनं बघितलंय, त्यामुळे घोडे कसे धावतात ते सांगत बसत नाही. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब, तिथं पहिलं उभं रिंगण, रस्त्याच्या दोन्ही बाजूला दिंड्या आणि मधनं अश्व. तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण बेलवाडीला, मग इंदापूर, अकलूज, आणि काटेवाडीला तर मेंढ्यांचं रिंगण असतं, धनगर बांधव आपली मेंढरं पालखीभोवती पळवतात. गोल रिंगणात घोड्यांच्या आधी माणसं धावतात, हे ड्रोनच्या व्हिडिओत बऱ्याचदा कापलेलं असतं. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, वीणेकरी धावतात, गळ्यात मृदुंग अडकवलेले धावतात. साठ सत्तर वर्षांच्या बायका तुळस न पाडता धावतात हो. मग अश्व, ज्यातल्या एकावर स्वार असतो आणि दुसरा रिकामा, म्हणजे आपल्याला रिकामा, वारकऱ्याला विचारा, त्याच्यावर माऊली बसलेत. घोडे गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड.

पण मला रिंगणातलं सगळ्यात आवडतं ते त्याच्यानंतरचं. घोडे गेले, गर्दी सैल झाली, बऱ्याच फोटोवाल्यांनी बॅगा भरल्या, आणि मग उडीचा खेळ सुरू होतो. पालखी मधे आणि तिच्याभोवती टाळकरी दाटीनं, शेकडो टाळ आणि मृदुंग एका ठेक्यात. सगळे बसतात, झुलतात, एकदम उठतात, उडी. एवढ्या टाळांचा आवाज कानाला लागत नाही, छातीला लागतो. बाजूच्या मैदानात तोवर फुगड्या चालू झालेल्या असतात, बायकांच्या, पुरुषांच्या, म्हाताऱ्यांच्या, हुतूतू, एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे. हे वारीत कुणी मजा म्हणून घुसवलंय असं नाही. संतांनी खेळांवर अभंगच लिहिलेत, फुगडीवर, हमामा, हुंबरी, टिपरी, विटीदांडूवर सुद्धा. कृष्ण गोपाळांबरोबर यमुनेच्या काठी खेळला, तर त्याचे भक्त चंद्रभागेच्या काठी खेळणार, त्यात वेगळं काय.

आणि एवढा आवाज थांबतो कसा ते बघायचं असेल तर संध्याकाळी पालखी तळावर समाजआरतीला उभं राहा. सगळ्या दिंड्या गोलात आलेल्या, सगळ्यांचे टाळ चालू, मृदुंग चालू. चोपदार दंड वर करतो आणि सगळं थांबतं. खरंच सगळं, एकदम. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, पाण्याची, जागेची, कुणी क्रम मोडल्याची, तर ती दिंडी थांबत नाही, टाळ वाजवत राहते. मग चोपदार त्यांच्याकडे जातो, विचारतो, ऐकून घेतो, तोडगा काढतो, आणि मग तो टाळ थांबतो. अर्ज नाही, भांडण नाही, घोषणा नाही. ज्या टाळावर नाचायचं त्याच टाळानं दाद मागायची. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि मला अजून वाटतं की या एका रीतीवर कुणीतरी नीट बसून लिहायला हवं.

वाळवंटाचं एक सांगायचं राहिलं. चंद्रभागेचं वाळवंट ही नाचायची जागा का झाली? मोकळी जागा, नदी, देऊळ समोर, हे तर आहेच. पण देवळाच्या आत सगळ्यांना जाताच येत नव्हतं, हेही आहे. चोखोबांना आत घेतलं नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे, नामदेव पायरीच्या जवळ. सगळ्यांसाठी ते देऊळ उघडलं 1947 ला, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तोवर कित्येक शतकं कित्येक माणसांनी कळस बघितला, वाळूत नाचली आणि परत गेली. वाळूला उंबरा नाही. म्हणजे वारीत जातपात नव्हती असं मी म्हणणार नाही, दिंड्यांमध्येही जातीप्रमाणं चुली आणि पंगती वेगळ्या राहिलेल्या आहेत आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण पावलीच्या ओळीत पाय कुणाचा ते मृदुंगाला कळत नाही, आणि पावली संपली की समोरच्याच्या पाया पडायचं आहे, हा नियम तर सगळ्यांना सारखा. ज्यानं तो नियम मनापासून पाळला त्याला बाकीचं घरी गेल्यावर जड गेलं असणार. आणि ज्यानं नुसता पाळला त्याचं अंग तरी वाकलं. पुन्हा तेच, अंग आधी.

बायकांबद्दल. माझ्या आजीनं आयुष्यभर डोक्यावर तुळस घेतली, फुगडी तर अशी घालायची की समोरची गरगरायची, पण टाळ हातात घेऊन पावलीच्या ओळीत ती कधी उभी राहिली नाही. कुणी नको म्हणालं होतं का? तसं तोंडानं नाही. ओळ पुरुषांची आहे हे हवेतच होतं. आणि हे तेव्हा, जेव्हा जनाबाई साडेसहाशे वर्षांपूर्वी म्हणून गेल्यात की डोईचा पदर खांद्यावर येऊ दे, मी भरल्या बाजारात जाईन, हातात टाळ घेईन, खांद्यावर वीणा घेईन, मला कोण अडवतो बघू. तो अभंग आजीला येत होता. ओवीसारखा म्हणायची, कामं करता करता. नानांनी मला टाळ दिला तेव्हा देवळात थोडी कुजबुज झाली, नाना त्यावर एक शब्द बोलले नाहीत, नुसते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि वाजवायला लागले. आज आमच्या गावात बायकांचं हरिपाठ मंडळ आहे, नऊवारी खोचून पावली खेळतात, मृदुंगावर एक कॉलेजची मुलगी बसते, तिचा हात असा स्वच्छ आहे की लांबच्या गावांतनं सप्ताहाला बोलावतात. आजी असती तर. असो.

आता पावलीच्या स्पर्धा होतात. मंडळाच्या, शाळांच्या, स्टेजवर, एकाच रंगाच्या साड्या आणि फेटे, लाइटिंग, परीक्षक. मी जाते बघायला, मुलं जीव ओतून करतात आणि मी जोरात टाळ्या वाजवते, त्या पोरांबद्दल माझ्या मनात काही नाही. मला खुपतं ते एवढंच की तिथं ओळी समोरासमोर राहत नाहीत. सगळ्यांची तोंडं प्रेक्षकांकडे. पावलीत तुम्ही बघता कुणाला, तर समोरच्या ओळीतल्या माणसाला, तो घामाघूम, तुम्ही घामाघूम, तो दमला की तुम्ही जरा जोर लावता, तुम्ही ढेपाळलात की तो टाळ उंच करतो. त्याला पाठ करून किंवा त्याला बाजूला ठेवून तीच पावलं टाकली तर नाच राहतो, सुंदर पण दिसतो, पण ज्याच्या पाया पडायचं तो समोर नसतो.

आणि त्याहून जास्त खुपतं ते रेकॉर्डिंग. स्पीकरवर अभंग लावायचा आणि त्यावर पावली. मृदुंग वाजवणारा माणूस सारखा पायांकडे बघत असतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. म्हातारी माणसं ओळीत जास्त असली तर तो लय चढवताना थांबत थांबत जातो, पोरं असली तर सोडतो मोकळं, कुणी नवीन असेल आणि चुकत असेल तर तो समेवर जरा ठसका देतो म्हणजे त्याचा पाय सापडतो. पाय मृदुंग ऐकतात आणि मृदुंग पाय ऐकतो. रेकॉर्डिंगला तुमचे पाय दिसत नाहीत. ज्यांच्याकडे वाजवणारं कुणीच नाही, परदेशात वगैरे, त्यांचं मी समजू शकते. पण गावात दोन पखवाज वाजवणारे असताना स्पीकर का लावायचा. आळंदीत वारकरी शिक्षण संस्थेसारखी संस्था, विष्णुबुवा जोगांनी 1917 ला काढलेली, अजून चालते, तिच्या आसपास कितीतरी ठिकाणी पोरं पहाटे उठून मृदुंग आणि गायन शिकतात, त्यातली बरीच शेतकऱ्यांची, घरची परिस्थिती बेताची. त्यांना बोलवा ना. त्यांचा मान करा, योग्य मानधन द्या.

रील्सबद्दल मात्र माझी तक्रार नाही, आश्चर्य वाटेल कुणाला. वीस सेकंदात काही कळत नाही हे खरं, पण शहरात वाढलेली माझी भाची एक रील बघून माझ्याकडे आली आणि म्हणाली मला शिकव. तिला पण मी दोरीपासनं सुरवात केली. चिडली होती, तिला पाय शिकायचे होते.

2020 ला वारी निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आणि त्या वर्षी आम्ही घरातच होतो. मी गच्चीवर टाळ घेऊन उभी राहिले, हरिपाठ म्हटला, पाय पण टाकले. नाही जमलं. म्हणजे पावलं सगळी बरोबर पडत होती, पण मी पुढं गेले तर मागं जायला समोर कुणी नव्हतं, आणि हात खाली आणायचा तर तो कुणाबरोबर आणायचा. मग जागेवर उभी राहून उरलेले अभंग म्हटले. खाली कट्ट्यावरच्या काकू पण म्हणत होत्या हे नंतर कळलं, आधी कळलं असतं तर निदान आवाजात आवाज मिसळला असता.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, लाह्या वाटतात, आणि पालख्या परत निघतात. परतीच्या वाटेला गर्दी नसते, टीव्हीवाले नसतात, फुकट चहा बिस्किटांचे स्टॉल नसतात, माणसं मोजकी आणि चाल जास्त. तिथंही मुक्कामाला हरिपाठ होतो आणि पावली होते. पावली शिकायची असेल तर मी लोकांना परतीच्या वाटेवर जा म्हणते, तिथली म्हातारी माणसं शिकवायला मोकळी असतात आणि ओळ छोटी असते त्यामुळे चुकलेला पाय लगेच दिसतो.

तेवढं जमणार नसेल तर एकादशीच्या आधी वाखरीच्या बाजूला या, बाजीराव विहिरीपाशी रिंगण असतं, ते संपल्यावर घाई करून निघू नका. टाळ आपला आणा, उसना घेतला तर दोरी दुसऱ्याच्या बोटाची असते आणि हात लागत नाही. दोरी सुती घ्या, नायलॉनची कापते. पहिल्या ओळीत घुसू नका, मागं उभं राहा, पुढच्याच्या टाचांकडे बघा आणि पहिली दहा पंधरा मिनिटं नुसता हात चालू द्या, पाय जागेवर असले तरी कुणी काही म्हणणार नाही. पाणी आधी पिऊन घ्या. आणि चपला काढून पिशवीत घालून पाठीला लावा, कडेला ठेवल्या तर एवढ्या माणसांत परत सापडत नाहीत.